अवर्षण आणि विश्वकिरण

इसवी सन 1876 मध्ये दख्खनच्या पठारावर पावसाने पाठ फिरवली, आणि नगर, पुणे, सोलापूर ह्या जिल्ह्यांवर पुढची दोन वर्षे जी आपत्ती कोसळली, तिची नोंद सरकारी दप्तरांत, सारा-तहकुबीच्या कागदांत आणि वृद्धांच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्याच वर्षी, ह्या मुलखाशी ज्यांचा काडीमात्र संबंध नव्हता अशा दोन जर्मन संशोधकांनी एका नियतकालिकाच्या एकाच खंडात दोन निबंध प्रसिद्ध केले. फर्डिनांड कोन ह्यांनी गवताच्या काढ्यातील जीवाणू उकळल्यानंतरही पुन्हा कसे वाढीस लागतात ह्याचा उलगडा केला, आणि रॉबर्ट कॉख ह्यांनी जनावरांच्या ज्या रोगाला आपल्याकडे फाशी म्हणतात, त्याचे जंतू प्रतिकूल काळात आपल्या देहात एक चकचकीत कण घडवून त्या रूपाने मातीत वर्षानुवर्षे दबा धरून राहतात, असे सिद्ध केले. ह्या कणालाच आपण बीजाणू म्हणतो. नगरचा दुष्काळ आणि जर्मनीतील ते निबंध ह्यांत कार्यकारणसंबंध अर्थातच नाही. पण पाणी नाहीसे झाले असता जीव कोणत्या उपायाने टिकतो, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि पुढे जे प्रतिपादन मला करावयाचे आहे त्याचे मूळ त्या प्रश्नात आहे.

ते प्रतिपादन असे. जीवाणूंचे बीजाणू अंतराळातील विश्वकिरणांचा मारा सोसून जिवंत राहतात, ही गोष्ट आता प्रयोगांनी निर्विवाद झाली आहे. आणि ह्या सामर्थ्याकडे बोट दाखवून जीवसृष्टीचे मूळ आकाशात असावे असे अनुमान काढण्याचा मोह अनेक थोर बुद्धींना झाला आहे. माझ्या मते हे अनुमान त्या सामर्थ्यातून निघत नाही. विश्वकिरणांपुढे टिकण्याचे हे बळ बीजाणूंनी ताऱ्यांमधल्या पोकळीत मिळवलेले नसून पृथ्वीवरच्या कोरड्या मातीत मिळवलेले आहे. पाण्याच्या अभावाशी झुंजताना जी सिद्धता त्यांनी केली, तीच पुढे किरणांपुढेही उपयोगी पडली. आणि असे असेल, तर ह्या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने दुर्बिणीकडे वळण्यापूर्वी कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेर ह्या तालुक्यांतील वैशाखातल्या ढेकळाकडे वळावे हे उचित होय.

ज्या मुलखात वर्षाकाठी 500 ते 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत मिळून काही मोजक्या दिवसांत, त्या मुलखातील मातीचे जीवन बहुतांशी प्रतीक्षेचे असते. चैत्र-वैशाखात काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा पडतात, वरचा थर उन्हाने भाजून निघतो, आणि त्या थरातील असंख्य जीवाणूंपैकी ज्यांना बीजाणू घडवण्याची कला अवगत आहे ते त्या रूपात निपचित पडून राहतात. शेतकऱ्याला हे शास्त्राच्या भाषेत कोणी सांगितले नसले तरी अनुभवाने ठाऊक आहे. फऱ्या ह्या रोगाने धट्टीकट्टी तरणी जनावरे पावसाच्या तोंडावर एकाएकी लंगडू लागतात आणि दोन दिवसांत दगावतात. म्हणून मृग लागण्याच्या आधीच गावोगाव टोचणीची घाई असते. फऱ्याचा जंतू हा मातीतल्या बीजाणूंपासूनच उद्भवतो, धनुर्वाताचाही तसाच. दूध उकळून ठेवले तरी काही काळाने नासते, त्याचेही एक कारण उकळण्याला न जुमानणारे बीजाणूच होत. ह्या नगण्य वाटणाऱ्या कणांचे सामर्थ्य असे आपल्या गोठ्यात आणि चुलीपाशी नित्य सिद्ध होत असते.

आता ह्या कणाची घडण पाहू. अन्न-पाणी संपत आले की जीवाणू आपल्या आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, एक प्रत वेगळी काढतो आणि तिच्याभोवती एकामागून एक आवरणे रचीत जातो. अगदी आतल्या गाभ्यातील पाणी तो मोठ्या प्रमाणावर बाहेर काढतो, आणि त्याची जागा डायपिकोलिनिक आम्ल व कॅल्शियम ह्यांच्या संयुगाला देतो. हे संयुग बीजाणूच्या शुष्क वजनाचा सुमारे दहावा हिस्सा भरते. डीएनएच्या धाग्यावर लहान लहान प्रथिने इतक्या दाटीने बसतात की त्याचा पीळच बदलतो. किरण जेव्हा सामान्य पेशीत शिरतात, तेव्हा डीएनएवर थेट आघात होतो तो होतोच, पण पेशीतील पाण्याचे रेणू फुटून जे उग्र तुकडे निर्माण होतात, ते सैरावैरा धावत पुष्कळशी नासधूस करतात. गाभ्यात पाणीच कमी आणि जे आहे तेही जवळजवळ जखडलेले, त्यामुळे ही दुसऱ्या प्रकारची हानी बीजाणूत मंदावते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांबाबत तर त्याहून विलक्षण प्रकार घडतो: प्रथिनांनी बदललेल्या पिळामुळे डीएनएवर नेहमीची जखम न होता एक निराळीच जखम होते, आणि ती नेमकी दुरुस्त करणारे विकर बीजाणूपाशी आधीपासून तयार असते.

मात्र ही दुरुस्ती होते केव्हा, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि ह्या विषयावरील लोकप्रिय लेखनात तो बहुधा निसटतो. निद्रिस्त बीजाणूत चयापचय जवळपास थांबलेला असतो. त्यामुळे तो झोपलेला असेतोवर काहीही दुरुस्त करीत नाही. दुष्काळाच्या वर्षी मामलेदार सारा तहकूब करी, पण तहकुबी म्हणजे माफी नव्हे. वर्षामागून वर्षाची बाकी खात्यावर चढत राही आणि पहिला चांगला पाऊस झाला की सगळीच्या सगळी एकदम उभी राही. बीजाणूचे तसेच आहे. किरणांच्या जखमा त्याच्या खात्यावर साचत जातात, आणि ओल मिळून तो रुजू लागला की पहिल्या काही घटकांत त्याला सर्व बाकी चुकती करावी लागते. बाकी आटोक्यात असेल तर तो जगतो. हाताबाहेर गेली असेल तर जागा होता होता मरतो. म्हणून बीजाणू अमर आहे हे विधान चुकीचे आहे. त्याच्या टिकावाला मुदत आहे, आणि ती मुदत किती, हे मोजणे हाच शास्त्राचा खरा प्रश्न.

ही मोजणी करण्याचे साधन आपल्या महाराष्ट्रातच आहे. तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात 1974 पासून आयसोमेड नावाचा प्रकल्प चालू आहे. सुया, हातमोजे, टाके घालण्याचे धागे असे वैद्यकीय साहित्य खोक्यात बंद असतानाच कोबाल्टच्या गॅमा किरणांखाली धरून तेथे निर्जंतुक केले जाते. त्यासाठी सर्वत्र मान्य असलेली मात्रा 25,000 ग्रे एवढी आहे, आणि अशा निर्जंतुकीकरणाची कसोटी म्हणून बॅसिलस प्यूमिलस ह्या जीवाणूचे बीजाणू वापरण्याची पद्धत आहे. ते मेले तर बाकीचे मेलेच असे धरले जाते. ह्या आकड्याचा अंदाज यावा म्हणून दोन मात्रा सांगतो. माणसाच्या सर्व शरीराला 4-5 ग्रे मात्रा एकदम मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. आणि लासलगावच्या किरणन केंद्रात साठवणीच्या कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून 60 ते 90 ग्रेंची मात्रा पुरते. बीजाणूंसाठी मात्र हजारांच्या घरात जावे लागते.

अंतराळात किरणांची मात्रा किती? मंगळाकडे जाणाऱ्या ‘क्युरिऑसिटी’ यानातील उपकरणाने 2011-12 च्या प्रवासात यानाच्या आत दर दिवशी सुमारे 0.48 मिलिग्रे एवढी विश्वकिरणांची मात्रा नोंदली. म्हणजे वर्षाला 0.18 ग्रेच्या आतच. ह्या वेगाने तुर्भ्याची 25,000 ग्रेंची मात्रा साचायला सुमारे 1 लाख 40 हजार वर्षे लागतील. हा हिशोब ढोबळ आहे हे मी जाणतो. विश्वकिरणांत बहुसंख्य प्रोटॉन असले तरी लोहासारख्या जड मूलद्रव्यांची अणुकेंद्रेही थोड्या प्रमाणात असतात, आणि असे एक जड केंद्र बीजाणूतून आरपार गेले तर त्याची जखम गॅमा किरणांच्या तेवढ्याच मात्रेहून पुष्कळ भारी असते. 1972 च्या अपोलो मोहिमांत बीजाणूंचे थर आणि किरणांचा माग टिपणारे पत्रे एकमेकांवर रचून हे प्रत्यक्ष तपासण्यात आले. परंतु बीजाणू हा लांबी-रुंदीने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्याला जड केंद्र नेमके आदळण्याचा योग येण्यास प्रदीर्घ काळ जावा लागतो. तात्पर्य, विश्वकिरण बीजाणूला मारतात खरे, पण फार सावकाश.

त्याला तडकाफडकी मारतो तो सूर्य. 1984 च्या एप्रिलात अमेरिकेने अंतराळात सोडलेली एक प्रयोगपेटी अनेक अडचणींमुळे 1990 च्या जानेवारीपर्यंत परत आणता आली नाही, आणि त्यामुळे तीत ठेवलेल्या बॅसिलस सटिलिसच्या बीजाणूंना जवळजवळ सहा वर्षांचा अंतराळवास घडला. ग्लुकोजसोबत आणि उन्हापासून झाकून ठेवलेल्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत जिवंत निघाले. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेरील बाजूस 18 महिने ठेवलेल्या बीजाणूंचा जो अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे प्रथम लेखक पराग वैशंपायन हे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेत घडलेले संशोधक होत. बॅसिलस प्यूमिलसचेच हे बीजाणू होते. अंधारात ठेवलेल्यांपैकी 10 ते 40 टक्के जगले. सूर्याच्या जंबुपार किरणांत उघडे ठेवलेल्यांपैकी सुमारे एक कोटीत एक. विश्वकिरण दोघांवरही सारखेच पडत होते. ह्या एका प्रयोगाने अंतराळातील संकटांची प्रतवारी जशी स्पष्ट झाली, तशी पानेच्या पाने भरलेल्या तर्काने झाली नसती. धुळीचा पातळ थर, दगडाची खाच, किंबहुना वर मरून पडलेल्या भाईबंदांचा थरसुद्धा उन्हापासून आडोसा देतो. आणि आडोसा मिळाला की विश्वकिरणांशी सामना करण्यास बीजाणूला कित्येक सहस्रके मोकळी सापडतात.

आता प्रश्न उरतो तो हा, की पृथ्वीवर हजारो ग्रेंची मात्रा कधी कोठे नैसर्गिक रीत्या मिळतच नसताना हे सामर्थ्य जीवाणूंना आले कोठून? केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटच्या वाळूतही पार्श्वभूमीचे किरण ह्या मानाने अत्यल्प आहेत. ज्या संकटाशी कधी गाठ पडली नाही, त्याच्याविरुद्ध निसर्ग कोणाला सिद्ध करीत नाही. तेव्हा दोनच मार्ग संभवतात: एक तर हे जीवाणू जेथे असा मारा होतो तेथून, म्हणजे पृथ्वीबाहेरून, आले असावेत, अथवा हे सामर्थ्य दुसऱ्याच एखाद्या संकटाशी झगडताना मिळालेले असावे. पहिला मार्ग कल्पनेला मोहवणारा आहे, आणि म्हणूनच पुराव्याची रुजवात होईपर्यंत त्यावर पाऊल टाकू नये असे मला वाटते. दुसऱ्या मार्गाला मात्र पुरावा आहे, आणि तो भक्कम आहे. डायनोकॉकस नावाचा जीवाणू बीजाणू घडवीत नाही, पण किरणांपुढे टिकण्यात तो अग्रेसर आहे. 1956 मध्ये किरणांनी निर्जंतुक केलेल्या डबाबंद मांसात तो प्रथम सापडला. त्याचे किरणांपुढे दुबळे ठरलेले 41 प्रकार घेऊन लुइझियाना येथील संशोधकांनी 1996 मध्ये पाहिले, तर ते सर्वच्या सर्व शुष्कतेपुढेही दुबळे निघाले. शुष्क झालेल्या पेशीतही डीएनएचे धागे तुटतात, किरणांनीही तुटतात. ते जोडण्याचे कसब एकच. नंतर 2005 मध्ये सोनोरन वाळवंटाची माती आणि लुइझियानातील जंगलाची माती ह्यांवर गॅमा किरणांचा मारा करून पाहण्यात आला, तेव्हा जंगलाच्या मातीत 13,000 ग्रेंच्या पुढे काहीच जिवंत सापडले नाही, आणि वाळवंटाच्या मातीतून 30,000 ग्रेंनंतरही जीवाणू वाढवता आले. ज्या मातीने तहान अधिक सोसली, तिनेच किरणही अधिक सोसले.

ह्या पार्श्वभूमीवर आपल्या देशातील त्या सुविख्यात प्रयोगाकडे पाहावे लागते. एप्रिल 2005 मध्ये हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तळावरून एक प्रचंड फुगा वर गेला. त्याच्याबरोबर द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, निर्वात व निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या होत्या, आणि निरनिराळ्या उंचींवर त्या उघडून तेथील हवा गोठवून आत घेण्यात आली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे प्रमुख, आणि प्राध्यापक उडुपी रामचंद्र राव हे त्यामागील प्रेरणेचे एक मुख्य स्थान. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात (सीसीएमबी) आणि पुण्याच्या पेशी विज्ञान संस्थेत, योगेश शौचे आदींच्या देखरेखीखाली, हे नमुने स्वतंत्रपणे तपासले गेले, आणि 2009 मध्ये तीन नव्या जाती जाहीर झाल्या: खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल ह्यांच्या नावाने जॅनिबॅक्टर हॉइली, इस्रोच्या नावाने बॅसिलस इस्रोनेन्सिस, आणि बॅसिलस आर्यभट्टाई. 27 ते 41 किलोमीटर उंचीवरच्या हवेत मिळालेल्या ह्या तिन्ही जाती त्यांच्या नजीकच्या आप्तांहून जंबुपार किरणांना अधिक दाद न देणाऱ्या निघाल्या. 2001 च्या पहिल्या प्रयोगात नमुने दूषित झाले नसतील ना ही शंका पुरती फिटावी म्हणून तोच प्रयोग अधिक दक्षतेने पुन्हा करण्याचा, आणि निष्कर्ष काढताना ह्या जीवाणूंचे मूळ पृथ्वीबाहेर आहे असे निर्णायकपणे सिद्ध होत नाही हे स्वतःहून सांगण्याचा जो प्रामाणिकपणा ह्या मंडळींनी दाखवला, तो मला त्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. अशा जीवाणूंचे मूळ आकाशात असू शकते ह्या नारळीकरांच्या विचाराशी येथे मी मतभेद नोंदवीत आहे, तोही त्यांनीच घालून दिलेल्या वस्तुनिष्ठतेच्या शिस्तीत राहून.

मतभेद असा की ह्या प्रकरणात दोन निराळे दावे एकत्र केले जातात. हे जीवाणू इतक्या उंचीवर पोचले कसे, हा एक दावा. आणि तेथे ते टिकले कसे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर खरोखर अवघड आहे. वावटळीने किंवा ढगांच्या उसळीने धूळ दहा-पंधरा किलोमीटर वर जाईल, पण त्यापुढे स्थितांबरातील स्थिर थर ओलांडून 41 किलोमीटरपर्यंत ती कशी चढावी, हा नारळीकरांचा आक्षेप न्याय्य आहे आणि त्याला घाईने वाटेला लावता येत नाही. परंतु दुसऱ्या दाव्यातील पुरावा, म्हणजे किरणांपुढचा टिकाव, पहिल्या दाव्याच्या कामी येत नाही. कारण तसाच टिकाव जमिनीवरही पुरेपूर आढळतो. आर्यभट्टाईचेच उदाहरण घ्या. ह्या जातीचे जीवाणू पुढे मध्य भारतातील काळ्या जमिनीत सोयाबीनच्या व गव्हाच्या मुळांशी सापडले, आणि ते पिकाला जस्त मिळवून देतात असे 2014 मध्ये दिसून आले. वर्गीकरणाच्या दृष्टीने ही जात बॅसिलस मेगाटेरियमच्या इतकी निकट आहे की ती निराळी मानावी की नाही ह्याबद्दलच वाद झाला; आणि मेगाटेरियम म्हणजे मातीतील स्फुरद विरघळवून पिकांना देणारा तो जीवाणू, ज्याच्या वर्गातील संवर्धक दर किलो बियाण्यास 25 ग्रॅम चोळून पेरण्याची रीत नगरच्या शेतकऱ्याला चांगली परिचित आहे. आकाशात सापडलेल्या जातीचे गोत्र आपल्या पाभरीच्या तासातले निघावे, ह्याने मला त्या शोधाचे तेज उणे झाल्यासारखे वाटत नाही, उलट मातीविषयीचा आदर दुणावल्यासारखे वाटते.

आणखी एक पुरावा मनुष्याने नकळत स्वतःच निर्माण केला आहे. ज्या बॅसिलस प्यूमिलसचे बीजाणू अंतराळ स्थानकावर नेले, तो वंश कोठल्या वाळवंटातून आणलेला नव्हता. कॅलिफोर्नियात जेथे यानांची जुळणी होते त्या अतिस्वच्छ दालनातून तो मिळाला. ती दालने म्हणजे मानवनिर्मित अवर्षणच होय: हवा गाळलेली व कोरडी, अन्नाचा कण नाही, वरचेवर पुसणे आणि जंतुनाशकांची फवारणी. ह्या सर्वांतून जो तगतो तो साहजिकच असामान्य चिवट असतो, आणि नेमका तोच यानावर बसून दुसऱ्या ग्रहाकडे निघतो. 1967 च्या अंतराळ करारान्वये इतर ग्रह दूषित न करण्याचे जे बंधन राष्ट्रांवर आहे, त्यात भारतही सामील आहे. 1975 मध्ये मंगळाकडे गेलेली व्हायकिंग याने ह्याच कारणास्तव तासन्‌तास 112 अंशांच्या आसपास कोरड्या उष्णतेत भाजून काढण्यात आली होती. भारताचे यान उद्या मंगळाच्या भूमीवर उतरेल तेव्हा त्यावरील बीजाणूंची मोजदाद कोणीतरी करावीच लागेल, आणि ती मोजदाद अचूक व्हावी यासाठी चिवटपणाचे मूळ किरणांत शोधावे की कोरडेपणात, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

ह्या प्रतिपादनाची परीक्षा एकाच जिल्ह्याच्या हद्दीत करता येण्याजोगी आहे, आणि ती अद्याप व्हावयाची असेल तर व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. अहिल्यानगर, म्हणजेच नगर, जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. तेथे कळसूबाईच्या आणि भंडारदऱ्याच्या परिसरात, घाटघरला तर विशेषच, कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस दिवसभराच्या वाटेवर जामखेड-पाथर्डीचे माळ आहेत, जेथे त्याच्या दशांशाचीही खात्री नाही. दोन्हीकडची माती एकाच पद्धतीने, वैशाखात एकदा व भाद्रपदात एकदा, घ्यावी; राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्यातील बीजाणू वेगळे करावेत; जमिनीचा तांबडा-काळा रंग, चुनखडी आणि सेंद्रिय अंश ह्यांच्या भेदाचा हिशोब ठेवावा; तुर्भ्याच्या कोबाल्टखाली पायरीपायरीने मात्रा वाढवीत न्यावी, आणि कोठली माती कोठल्या पायरीवर थांबते ते लिहून ठेवावे. अवर्षणाने टिकाव शिकवला हे म्हणणे खरे असेल तर जामखेडची माती घाटघरच्या मातीहून पुष्कळ पुढे गेली पाहिजे, आणि वैशाखातील नमुना भाद्रपदातील नमुन्याहून सरस ठरला पाहिजे. दोन्ही माती सारख्याच निघाल्या, किंवा सह्याद्रीच्या ओल्या रानातील बीजाणू अधिक चिवट ठरले, तर वर मांडलेला युक्तिवाद मला मागे घ्यावा लागेल आणि जयंतरावांच्या बाजूने पुन्हा एकदा आकाशाकडे पाहावे लागेल. परीक्षेला लागणारी साधने राहुरी आणि तुर्भे ह्या दोन ठिकाणी तयार आहेत, आणि माती तर जिल्ह्याच्या प्रत्येक गावात आहे.